अनुसयामावशीसाठी

मायच्या फोनवर शोधायच्या चौकटीला माझं बोट लागलं आणि तिने आजवर शोधलेलं सगळं एकाखाली एक उलगडलं. मला फक्त 'सिंगल गादी' एवढंच लिहायचं होतं. माय जाऊन सात दिवस झाले होते. बाराव्याला शय्यादान करायचं, म्हणजे गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर लागेल ते अंथरूण-पांघरूण, छत्री, चपला, तांब्या असं सगळं नवं आणून भटजींना द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. खाट आणि भांडी माझा धाकटा भाऊ हेमकांत शहाद्याहून आणणार होता. बाकीचं मी मागवायचं होतं, कारण या घरात वस्तू पारखायचं काम माझं. "ताई, मायना फोनवरूनच मांगाडी ले," तो म्हणाला होता. "तिना पत्ता तठे सेव शे. तुन्हा फोनवरून टाकं ते कुरियरवाला शहादालेच बसी ऱ्हास, गावमा येस नही." मी फोन घेऊन ओट्यावर बसले आणि चौकटीखाली उघडलेल्या ओळी वाचल्या. बसून झोपायची उशी. दम लागतो त्याला उशी. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं. बसून आंघोळ करायचा स्टूल. पुढून बटणाचा सुती गाऊन. हाक मारायची घंटी.

मायला टाईप करायला जमायचं नाही. ती माइकचं चित्र दाबून बोलायची. घरात आमची गुजरी आणि अहिराणीची सरमिसळ चालते, पण फोनशी ती शाळेतली मराठी बोलायची, तलाठ्यासमोर उभं राहिल्यासारखी, पदर सारखा करून. घरात ती 'दम लागस' म्हणाली असती. फोनने तिची ती कार्यालयातली मराठी जशीच्या तशी उतरवून ठेवली होती, शुद्धलेखनासकट. पहिल्यांदा मला काही वाटलं नाही. या सगळ्या वस्तू माझ्या ओळखीच्या होत्या. गेल्या वर्षभरात यांतली एकेक तिने मला पाठवली होती आणि प्रत्येकीसोबत तेच वाक्य होतं: अनुसयाले पायजे. अनुसयामावशी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी तिची मैत्रीण. मावशीचे गुडघे धरलेत, मावशीला झोप येत नाही, मावशीचा मुलगा सुरतला असतो, तिला फोनमधलं कळत नाही. हे सगळं मला पाठ होतं. मी पुन्हा वरून खाली वाचत आले आणि 'दम'पाशी थांबले. गुडघे धरलेल्या बाईला दम लागतो त्याची उशी कशाला.

आमची पद्धत सहा वर्षांची होती, आमचे वडील, आप्पा, गेले तेव्हापासूनची. दुपारची जेवणं झाली की माय झोपाळ्यावर बसून फोन उघडायची. तिला दिसेल ते आवडायचं. आवडलं ते मला पाठवायचं, मी तपासायचं, आणि दोन शब्दांपैकी एक कळवायचा, ठेव किंवा सोड. ठेव म्हटलं की वस्तू यादीत जायची. त्या यादीला ती अढी म्हणायची. आंबे पेंढ्यात घालतात तशी वस्तू तिथे घालायची आणि पंधरा दिवस तिच्याकडे बघायचं नाही. पंधरा दिवसांनी उघडल्यावरही हवीशी वाटली तर पिकली, नाहीतर सडली. तरुणपणी खापर गावच्या बाजारात ती लुगड्याचा धागा ओढून दाताखाली धरायची, ओल्या अंगठ्याने रंग चोळायची, आणि दुकानदार तोंड फिरवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचे. फोनमध्ये अंगठा ओला करून उपयोग नव्हता. मी नंदुरबारला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासते, एकटी राहते. संध्याकाळ माझ्याकडे भरपूर असते. मी आधी एक तारा दिलेले अभिप्राय वाचते. खूश झालेला माणूस एका शब्दात मोकळा होतो, फसलेला माणूस नेमकं सांगतो: कुठली शिवण उसवली, कितव्या धुण्याला रंग गेला, परत न्यायला आलेला माणूस काय बोलला. मग गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो. कोणाच्या तरी फरशीचा कोपरा, पलंगाखालून डोकावणारी बादली, एखादा उघडा पाय, आणि मधे ती वस्तू, दुकानातल्या फोटोपेक्षा लहान आणि ओशाळलेली. त्या फोटोंवरून मला घरं कळायची. "ताईनं मॉडरेशन व्हयनं का?" हेमकांत माझा बोर्डातला फेरतपासणीचा शब्द वापरून मायला मागून विचारायचा, आणि ते तिच्या निरोपात मला ऐकू यायचं. मला ते आवडायचं. आपल्या नजरेवर कोणीतरी विसंबून आहे याची माणसाला हळूहळू सवय होते, आणि मग ती सवय म्हणजेच नातं असं वाटू लागतं.

तिचे निरोप आधी दोन-दोन मिनिटांचे असत. तव्याबद्दल सांगता सांगता ती केळीच्या बागेत शिरायची, तिथून कोणाच्या तरी साखरपुड्यात, आणि परत तव्यावर यायची. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून ते आखूड झाले. "हाई दख. अनुसयाले पायजे. चांगलं शे का वंगाळ?" एवढंच. तेही सलग नाही. दोन शब्दांच्या मधे एक पोकळी असायची, मला वाटायचं खोक्यावरचं काही वाचून सांगते आहे. नंतर आवाज येणं थांबलं, फक्त चित्रं येऊ लागली. मी कॉलेजात एका बाईंना सांगितल्याचं आठवतं, की माझी आई आता फोन शिकली, कामापुरतं बोलते. मी ते कौतुकाने सांगितलं होतं. आणि ती उतरती उशी, एका बाजूने उंच, दुसऱ्या बाजूला निमुळती, तिने तीन वेगवेगळ्या दुकानांची पाठवली होती. मी दोन संध्याकाळी घालवल्या तिच्यावर. फेस महिन्याभरात बसतो, कापड घाम धरतं, एका सुनेने लिहिलं होतं की सासरे रात्रभर घसरून खाली येतात. मी कळवलं: तिन्ही सोड. मावशीला सांग, दोन उशा एकावर एक ठेव. आणि खाली, मला सुचलं म्हणून, आणखी एक ओळ घातली: एवढं उभ्यानेच झोपायचं तर झोपायचं कशाला. मायने हसून डोळ्यांतून पाणी येणारं तोंड पाठवलं होतं. ते अजून तिथे होतं. मी वर सरकवून बघितलं.

सुतक असल्यामुळे आमच्या चुलीवर जेवण होत नव्हतं. अनुसयामावशी मागच्या दाराने भाकरीचं टोपलं घेऊन आली. टोपलं उतरवलं, मग ओट्यावर माझ्यासमोर मांडी घालून बसली, कशाचाही आधार न घेता, पोत्यासारखी एकदम. लसणाच्या पाकळ्या सोलायला घेतल्या. मधेच मांजर हाकलायला उठली आणि परत बसली. मी तिच्या गुडघ्यांकडे बघत होते.

"मावशी, गुडघा कसा शे आते?"

"कोना?"

"तुन्हा."

"मन्हा गुडघाले काय व्हयनं? काल दिनभर कापूस येचीसन उनू मी. तुन्हाच धरना व्हई, खुर्चीवर बसीबसीसन." ती हसली, आणि घरात काय झालंय ते आठवून हसू तिने पदराने पुसलं. "कोन बोलनं तुले?"

"माय बोले."

तिने लसूण खाली ठेवला. मग तिने आधी दाराकडे बघितलं, आत कोणी आहे का ते.

"सांगं नही का तुले आजून? एकनं बी?"

"काय?"

"जाऊ दे. बारावं व्हऊ दे मंग."

"मावशी, सांग."

"फुप्फुसं वाळी जाई ऱ्हायन्हात, आसं बोलना सुरतना डॉक्टर. दीड वरीस व्हयनं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "माले काय ठाऊक ती मन्हं नाव सांगस ते. रांडनी मन्हा गुडघा मोडा का फुकटमा." शिवी तिने इतक्या मायेने दिली की मला तिच्याकडे बघवेना. मग ती म्हणाली, "मशीन मन्हा घर शे. दखनी का?"

मला चार दिवसांचा ताप सांगितला होता. ताप होता, छातीत उतरला, सकाळी चहा मागितला आणि गेली. मी आले तेव्हा तिला अंगणात घेतलेलं होतं. मी मावशीच्या मागे तिच्या घरात गेले. धान्याच्या कोठीशेजारी जुन्या लुगड्याखाली ते ऑक्सिजनचं यंत्र होतं, गुडघ्याएवढं, चाकांचं, वर नळी गुंडाळून ठेवलेली. "तू येवानी आसनी की हेमकांत आनी ठेवे मन्हा घर," मावशी म्हणाली. "तू गई की परत लई जाये. तू फोन करीसन येस ना, मंग टाईम भेटे." लुगडं मायचंच होतं. परत येताना मी खाली बघितलं. दोन घरांमधल्या मातीच्या बोळात चाकांच्या रेघा उमटल्या होत्या, जाण्यायेण्याच्या, इतक्या की त्यांची एक वाट झाली होती. दीड वर्षात मी या बोळातून निदान दहा वेळा गेले असेन. मी पायाखालचं वाचलं नाही.

"फोन करीसन ये, भरीत करी ठेवसू," ती दर वेळी म्हणायची, आणि मी दर वेळी फोन करून गेले. भरीत असायचंच. ती झोपाळ्यावर बसलेली असायची, एक पाय वर घेऊन, आणि दिवसभर तिथून उठायची नाही. जेवणाचं ताट तिथेच. मला तेव्हा वाटायचं ती सैलावली आहे. आयुष्यभर राबलेल्या बाईला सून हाताशी आल्यावर असं होतं, आणि होऊ द्यावं. दिवाळीत मी म्हटलंसुद्धा, "सून उनी की सासूले झोपाळा." ती हसली, हसता हसता खोकली, आणि कामिनीने आतून पाण्याचा तांब्या आणला, कोणी मागितला नसताना. कामिनी तळोद्याची, हेमकांतची बायको, या घरात येऊन अकरा वर्षं झाली. तिचा तो वेग माझ्या आता लक्षात येतो. तेव्हा मला तिची किंचित चीड आली होती, सासूच्या पुढेपुढे करते म्हणून. माय पाणी प्यायली आणि तिने झोपाळा पायाने हलकासा ढकलला. तो एक ढकलण्याएवढा श्वास तिने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेला असणार. आणि मी समोर पाटावर बसून तिला मिक्सरच्या भांड्याची जाडी समजावून सांगत होते.

कामिनी मागच्या मोरीत गोधड्या धूत होती. मी दारात उभी राहिले. तिने वळून बघितलं नाही.

"तुम्हले मावशी बोलनी ना," ती म्हणाली. "तिना घरमा जाताना दखं मी तुम्हले."

"तू सांगाले पायजे व्हतं, कामिनी."

"आत्याबाईस्नी यासनी शपथ घालेल व्हती." आत्याबाई म्हणजे माय; यासनी म्हणजे नवऱ्याची, ती त्याचं नाव घेत नाही. "बारावं व्हयनं की आम्ही सांगनारच व्हतूत."

"माले एकलीलेच काबरं नही? गावले ठाऊक शे."

ती गोधडी पिळत राहिली. पाणी संपलं तरी पिळत राहिली. "बोलू का? राग येई तुम्हले."

"बोल."

"त्या बोलन्यात, सीमा पहिले वाईट वाचस. ती मन्हं बी तसंच वाची, रोज. नि मंग ते तिना तोंडवर माले दखनं पडी." तिने गोधडी दोरीवर टाकली आणि तिच्यामागे गेली, त्यामुळे पुढचं मला कापडाआडून ऐकू आलं. "एक घर पायजे बोलन्यात, जठे मी बिमार नही. तुम्हना फोन उना की त्या मशीन बंद करेत, आवाज तुम्हले ऐकू जाई म्हनीसन. दोन मिनिट, तीन मिनिट. होठ निळा पडेत. मी हात जोडू, बस करा आते. त्या बोलेत, थांब, ती तव्वानं सांगी ऱ्हायनी."

मी विचारलं ते त्या उशीबद्दल. इतक्या सगळ्यातून मला तेवढंच का सुचलं ते मला सांगता येत नाही.

"नही लिधी," कामिनी म्हणाली. "मी बोलनू, मी मांगाडी लेस. त्या बोलन्यात, सीमानं दखेल शे, ती उशी बसी जास. तुम्ही सोड बोलनात ना, मंग नहीच."

"मंग ती झोपे कशी?"

"बसीसन." दोरीमागे ती थांबली. "मन्हा पाठले पाठ लाईसन. आडं पडं की दम लागे. मंग मी बसू तिकडे तोंड करीसन, त्या इकडे. आशे झोपूत आम्ही. पाच-सहा महिना."

ती आत्याबाईंना 'तिले' म्हणाली नाही, एकदाही नाही, आणि तरी मला तिच्या बोलण्यात एक जवळीक ऐकू आली, जी मला या घरात कधी मिळाली नव्हती. मी आणि माय बोलायचो ते वस्तूंबद्दल. पाठीला पाठ लावून झोपलेल्या दोन बायका कशाबद्दल बोलत असतील, की बोलतच नसतील, एकीचा श्वास दुसरीच्या पाठीत वाजत असेल आणि तेवढं पुरत असेल. कामिनी गोधडीमागून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि खाली काळी वर्तुळं होती. ती मी सात दिवस बघत होते. ती दुःखाची आहेत असं धरून चालले होते. ती त्याहून जुनी होती.

मी पुष्कळ वाचते. असे प्रसंग मी पुस्तकांत अनेकदा वाचलेत: आजारी माणूस एकाला सांगत नाही, त्यामागे माया असते, आणि ज्याला सांगितलं नाही तो शेवटच्या पानावर ती माया ओळखतो आणि त्याचं मन निवळतं. मला माया ओळखता येत होती. ओळखून काही निवळत नव्हतं. दीड वर्ष मी ज्या बाईशी बोलत होते ती नव्हतीच. ती धडधाकट बाई त्यांनी माझ्यासाठी उभी केली होती, दर दोन महिन्यांनी, यंत्र शेजारी ढकलून, झोपाळ्यावर लुगडं नीट पसरून, भरीत करून. हेमकांतने, कामिनीने, अनुसयामावशीने, बोळातून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाने. मायला एक घर हवं होतं जिथे ती आजारी नाही, आणि ते घर म्हणजे मी. पण घराला कोणी विचारत नाही. मला विचारलं असतं तर मी काय केलं असतं तेही मला माहीत आहे. मी तिला नाशिकला नेलं असतं, मुंबईला नेलं असतं, त्या आजाराबद्दल छापलेलं सगळं वाचलं असतं, सगळ्यात वाईट ते आधी. तिने मला बरोबर ओळखलं होतं. फसवणुकीत हेच सहन होत नाही, की फसवणारा आपल्याला इतकं नेमकं ओळखून असतो. आणि तरी, एवढं खोटं बोलूनही, माझं 'सोड' मात्र तिने पाळलं. मावशीच्या नावावर मागितलेल्या उशीला मी नाही म्हटलं आणि ती बसून झोपली. खोटं नाव सांगताना तिला वाटलं असेल की माझा निकाल तरी खरा लागेल. पण नाव बदललं की माझा निकालही बदलतो, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती उशी माझ्या आईला हवी आहे असं मला कळलं असतं तर फेस बसू दे, कापड घाम धरू दे, मी तिन्ही मागवल्या असत्या.

संध्याकाळी हेमकांत ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला कामिनीने सांगितलं असणार. तो बराच वेळ अंगठ्याने ओट्याची कपची खरवडत होता.

"ताई, माले बी आवडत नव्हतं ते. पन तुले सांगतू ते तू तिले सोडती नही. ती थकेल व्हती."

"तू शपथले इतका मानस?"

"शपथ मन्ही व्हती ना. मरतू मी." त्याला हसवायचं होतं. मी हसले नाही. "गादी दखी का?" त्याने विचारलं. "बेस्तवारलोंग उनी पायजे."

मी गादी बघितली. दुसरं काय करणार होते. मायच्या फोनवर, मायच्या नावाने, तिच्यासाठी, म्हणजे भटजींसाठी. तीन बाय सहा, चार इंच, कापसाची. आम्ही कापूस पिकवणारे, पण गादी करून घ्यायला पिंजाऱ्याकडे वेळ नव्हता. अभिप्राय उघडले. एकाने लिहिलं होतं की वडील दोन महिने झोपले आणि मधे खड्डा पडला. एकीने लिहिलं होतं, वास जात नाही, तीन दिवस गच्चीवर ठेवली. मग एक फोटो, पिवळ्या भिंतीची खोली, गादीवर बसलेली एक म्हातारी, तोंड कापलेलं, फक्त मांडीवरचे हात दिसत होते; खाली लिहिलं होतं, आईसाठी घेतली, आई खूश आहे. आहे. मी त्या एका शब्दाकडे बघत बसले. त्या हातांकडेही बघितलं. गादीबद्दल त्यावरून काही कळत नव्हतं. या गादीवर कोणी झोपणार नव्हतं हेही मला माहीत होतं. भटजी ती कुठल्यातरी दुकानाला परत देतील किंवा त्यांच्या भाच्याच्या लग्नात आंदण म्हणून जाईल. तरी मी पाच गाद्या तपासल्या, चार सोडल्या आणि एक ठेवली. अढीत एक्केचाळीस वस्तू होत्या, मी पास केलेल्या, पिकायची वाट बघत असलेल्या. गादी बेचाळिसावी झाली. पण पंधरा दिवस कोणाकडे नव्हते. मी लगेच मागवली. "कशी शे?" हेमकांतने विचारलं. "ठीक शे," मी म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी ठेव किंवा सोड याशिवाय तिसरं काही म्हणाले होते आणि ते त्याच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतरचे दिवस आम्ही एकमेकांशी नीट वागलो. मी कामिनीला गोधड्यांच्या घड्या करायला मदत केली. तिने मला दोनदा चहा आणून दिला, साखर कमी, मला लागते तशी. एका दुपारी मी मधल्या खोलीत गेले तर ती भिंतीकडे तोंड करून बसल्या बसल्या झोपली होती, मांडी घालून, मान छातीवर, पाठीमागे हातभर रिकामी जागा. आजूबाजूला चटया पसरलेल्या होत्या, आडवं व्हायला कोणी नको म्हटलं नव्हतं. मला तिथे बसता आलं असतं. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर आले.

बाराव्याला अंगणात मांडव घातला. खाट मधे, तिच्यावर माझी गादी, गादीवर उशी, पांघरूण, पायथ्याशी चपला, छत्री, पितळी तांब्या. एवढ्या बायका आल्या होत्या की मांडवाबाहेर उन्हातही बसल्या होत्या. भटजींनी खाटेजवळ बसताना गादी अंगठ्याने दोनदा दाबून बघितली, आणि चांगली निघाली असावी, कारण त्यांनी मान हलवली. मग ते म्हणाले, "संकल्पाच्या आधी तुमच्यातली रीत आहे ना ती करून घ्या. शेवटपर्यंत उशापायथ्याशी ज्याने केलं, त्याने गादीवर हात ठेवून गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं." हे मला आठवलं नव्हतं. आप्पांच्या वेळी हात मायने ठेवला होता. तेव्हा प्रश्नच आला नव्हता. क्षणभर कोणी हललं नाही. मग मागून एका म्हातारीने माझ्या पाठीवर बोटं टेकवून मला पुढे केलं. "पोरनं ठेवा. पोटनी पोर शे." दुसरी म्हणाली, "हां, सीमानं ठेवा. तीच सगळं मायनं दखे ना, नंदुरबारथून." तिला खरंच तसं वाटत होतं की ती मला काहीतरी देऊ बघत होती, मला कळलं नाही. कामिनी खाटेच्या पलीकडे उभी होती. तिने हात पदरात घेतले. ती मला जागा करून देत होती, दीड वर्ष देत आली होती तशीच, मी येणार म्हटल्यावर सगळं शेजारच्या घरात ढकलून.

"कामिनी ठेवी," मी म्हणाले. माझा आवाज वर्गात असतो तसा होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "शेवटलोंग तीच व्हती. माले ते काहीच माहीत नव्हतं. माले कोनी सांगंच नही."

बायकांमध्ये एक हलका आवाज फिरला. "मन मोठं शे पोरनं," माझ्या मागची म्हातारी म्हणाली, आणि दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. अनुसयामावशी खाली बघत होती. हेमकांतच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. कामिनी एकटीने माझ्याकडे सरळ बघितलं. मानाच्या आडून मी सगळ्यांसमोर बोल लावला होता, ते तिला कळलं होतं.

ती खाली बसली आणि गादीवर तळहात ठेवला. कापूस दबला. "नाव घ्या," भटजी म्हणाले. सुनेने सासूचं नाव घ्यायचं नसतं. अकरा वर्षांत तिने ते घेतलं नव्हतं. तिचे ओठ हलले. आधी जे आलं ते माझ्यासाठी होतं, इतकं हळू की खाटेच्या अलीकडे फक्त मला ऐकू आलं.

"ताई, आसं देऊ नका."

मला बोलता आलं असतं. बाजूला बसून तिच्या हातावर हात ठेवता आला असता, रीत तेवढी सैल होती. भटजींनी पळीत पाणी घेतलं आणि वाट बघितली.

"जमनाबाई," कामिनी म्हणाली.

पाणी सोडलं गेलं. मी मागे सरकले, बायकांमध्ये. तिथे एकीने अंग चोरून मला जागा करून दिली, शोक करायला परगावाहून आलेल्या बाईला देतात तशी, आणि मी खाली बसले.